खोके पाहून खेळ कळत नाही



मुलांना सुट्टी लागली की आपल्यापैकी अनेकजण खेळण्यांच्या दुकानात जातात. तेथे पटाच्या खेळांची खोकी भिंतभर रचलेली असतात. कुठे सोनेरी अक्षरे, कुठे किल्ला, कुठे हसणारे कुटुंब. आपण एक खोके उचलतो, हलवून पाहतो, मागच्या बाजूवर नजर टाकतो आणि म्हणतो, "हा छान दिसतोय." दुसरे एखादे साधे, फिकट रंगाचे खोके हातातही न घेता म्हणतो, "यात काही दम नाही."

थोडा विचार करा. दोन्ही वेळा आपण खेळ पाहिलेला नसतो. पट उलगडलेला नसतो, नियम वाचलेले नसतात, एकही डाव मांडलेला नसतो. तरी निर्णय मात्र झालेला असतो, आणि तोही पुरत्या खात्रीने.

ही सवय दुकानापुरती राहिली असती, तर त्यावर सत्संगात बोलण्याचे कारण नव्हते. थोडे पैसे वाया गेले असते, इतकेच. पण हीच नजर घेऊन आपण घरी येतो, कार्यालयात जातो, सत्संगात बसतो आणि साधनेलाही लागतो. म्हणून आज या लहानशा विषयावर आपल्याशी मनमोकळे बोलायचे आहे. सुरुवात मी माझ्याच चुकीपासून करतो.

दुकानातले खोके आणि काकांची पिशवी

बडोद्यातील आमच्या केंद्रावर मे महिन्यात मुलांचे संस्कार शिबिर होते. सकाळी प्रार्थना, श्लोक, गोष्ट. दुपारी ऊन फार, म्हणून बैठे खेळ. खेळ आणण्याची सेवा माझ्याकडे होती. मी दुकानात गेलो आणि एक मोठे खोके निवडले. त्यावर मंदिराचा कळस होता, समई होती, हात जोडलेली मुले होती आणि वर लिहिले होते की खेळता खेळता संस्कार होतील. मला आणखी काय हवे होते? ते खोके हातात धरून मी केंद्रावर आलो तेव्हा काही पालकांनी कौतुकही केले. ते कौतुक मला आवडले, हेही सांगून टाकतो.

खोके उघडले. आत अर्धी जागा रिकामी होती. पातळ कागदाचा घडी पडलेला पट, चार सोंगट्या, एक फासा. फासा टाकायचा आणि पुढे जायचे. घरांवर देवांची चित्रे होती, पण त्या चित्रांचा खेळाशी काही संबंध नव्हता. तेथे फुलांची किंवा मोटारींची चित्रे असती तरी खेळ तोच राहिला असता. दहा मिनिटांत मुले उठली. दोघे खिडकीशी गेले, एकाने फासा खिशात घातला.

आमच्या केंद्रावर एक वयस्कर काका येत. चार वर्षे येत होते. बोलणे कमी, अंगावर धुतलेला पण इस्त्री नसलेला सदरा, हातात कापडी पिशवी. ते दर रविवारी दाराशी चपला नीट लावत, म्हणून सगळे त्यांना 'चपलांचे काका' म्हणत. मीही तसेच म्हणत असे. त्यांनी मला यापूर्वी दोनदा विचारले होते, "मुलांना एक खेळ शिकवू का?" दोन्ही वेळा मी हसून म्हणालो होतो, "बघू हं, काका." बघू म्हणालो आणि बघितले मात्र नाही. मनात कुठेतरी ठरून गेले होते की यांना मुलांचे काय जमणार?

त्या दुपारी मुले पांगलेली पाहून काका आत आले. या वेळी त्यांनी विचारले नाही. पिशवीतून जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधलेले काहीतरी काढले आणि सतरंजीवर पसरले. तो कापडी पट होता. ७२ घरे, प्रत्येक घरात रंगीत दोऱ्याने विणलेले एक नाव. काम, क्रोध, लोभ, मोह खालच्या रांगेत. मधे दया, तप, कुसंग, सुसंग, हिंसा. काही घरांतून शिडी वर गेलेली, काही घरांत सापाचे तोंड. बरोबर कवड्यांची पुरचुंडी. काकांच्या पत्नीने तो पट हाताने विणला होता. त्या जाऊन सहा वर्षे झाली होती.

मुले परत आली. काका फार बोलत नव्हते. एखादी सोंगटी सापाच्या तोंडाशी आली की विचारत, "हा साप कुसंगाचा. तुला कधी चावलाय का रे?" आणि मुले खरे सांगू लागली! एकाने सांगितले की मित्रांच्या नादाने त्याने एका मुलाला चिडवले होते आणि तो मुलगा नंतर शाळेत जेवायला एकटाच बसत असे. हे त्याने घरीही सांगितले नव्हते. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो.

एक आठ वर्षांची मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. तिची सोंगटी ६७ व्या घरात होती. कवड्या टाकल्या, पाच पडले. तिने टाळी वाजवली. "बहात्तर! मी जिंकले!" मीही मनात म्हटले, जिंकली. काका हळूच म्हणाले, "बाळ, वैकुंठ मागं राहिलं की गं." आम्ही सगळे पटावर वाकलो. वैकुंठाचे घर होते ६८ वे, सर्वांत वरच्या ओळीच्या अगदी मधोमध. ७२ व्या घरात तमोगुणाचा साप होता आणि त्याचे शेपूट ५१ व्या घरात, पृथ्वीवर. काका म्हणाले, "नेमकं तिथं थांबता आलं पाहिजे. पुढं पळून उपयोग नाही. चल, ये परत पृथ्वीवर."

साधकहो, त्या पटाजवळ मी तासभर बसलो होतो, तरी मला वाटले होते की सर्वांत मोठा आकडा म्हणजेच शेवट. नुसते वरवर पाहून मी जिंकण्याचे घरसुद्धा चुकीचे ठरवले होते. आणि ज्या माणसाला ते घर ठाऊक होते, त्याला मी चार वर्षे चपलांपाशी उभे पाहिले होते.

त्या संध्याकाळी मी काकांजवळ बसलो. ते तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मी विचारले, "काका, हे कधी सांगितलं नाहीत?" ते म्हणाले, "कुणी विचारलं नाही." या उत्तरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला जास्त लागले. दोन आठवड्यांनी ते मुलाकडे बंगळूरला कायमचे राहायला गेले. पट अर्थातच बरोबर घेऊन गेले. मुलांनी त्याआधी पुठ्ठ्यावर त्याची नक्कल उतरवून घेतली. तिच्यात दोन शिड्या वाकड्या आहेत आणि एका सापाला शेपूटच नाही. केंद्रावर आता तोच खेळ चालतो. काकांचे नाव मी येथे लिहीत नाही, पण आता ते मला ठाऊक आहे. ठाऊक व्हायला चार वर्षे लागली, याचे दुःख मात्र उरले आहे.

खोके चकचकीत होत गेले, आतले काय झाले?

काकांचा पट ही त्यांची एकट्याची कल्पना नव्हती. आपल्या देशात असे पट शतकानुशतके खेळले गेले. उत्तरेकडे त्याला ज्ञानचौपड म्हणत, महाराष्ट्रात मोक्षपट. मराठी परंपरा मोक्षपटाचा संबंध संत ज्ञानेश्वर माऊलींशी जोडते. वैष्णव पटांत बहुधा ७२ घरे, जैन पटांत ८४ घरे असत. घरांना नावे होती गुणांची, दोषांची आणि लोकांची. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण. खेळणाऱ्याला प्रत्येक चालीला थांबून वाचावे लागे की आपण कोठे आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडमध्ये पोहोचला. सुरुवातीला तेथेही घरांवर गुण-दोषांची चित्रे राहिली. हळूहळू ती गेली आणि आकडे राहिले. १९४३ मध्ये अमेरिकेत साप काढून त्यांच्या जागी घसरगुंड्या आल्या. आज आपल्या घरात जी सापशिडी येते तिच्यात १ ते १०० आकडे असतात, रंगीबेरंगी साप असतात, खोके सुंदर असते. पण साप कशाचा आहे, हे कोठेच लिहिलेले नसते. मुलाची सोंगटी खाली येते, पण कशामुळे आली, ते त्याला कळत नाही. बाहेरचा रंग वाढत गेला आणि आतले नाव पुसले गेले.

याच्या उलट उदाहरणही आहे. आपल्याकडे 'व्यापार' नावाने ज्या धाटणीचे खेळ घरोघर खेळले जातात, त्यांचे मूळ अमेरिकेत आहे. लिझी मॅगी नावाच्या स्त्रीने असा एक खेळ तयार केला आणि १९०४ साली त्याचे पेटंट मिळवले. जमिनी थोड्या लोकांच्या हाती साठल्या की बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना खेळातून कळावे, हा तिचा हेतू होता. तिने नियमही दोन तऱ्हेचे केले होते. एका तऱ्हेत एकजण सगळे गिळंकृत करतो, दुसऱ्या तऱ्हेत संपत्ती निर्माण झाली की तिचा लाभ सर्वांना मिळतो.

पुढे १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने 'मोनोपॉली' बाजारात आणला. खेळाचा जनक म्हणून चार्ल्स डॅरो यांचे नाव गाजले. त्यांनी तो खेळ परिचितांकडून शिकला होता, ही गोष्ट मागे पडली. मॅगी यांचे पेटंट कंपनीने ५०० डॉलरला विकत घेतले. नियमांची दुसरी तऱ्हा नाहीशी झाली, पहिली तेवढी राहिली. १९७० च्या दशकात राल्फ आन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याच कंपनीशी न्यायालयात झुंज दिली, तेव्हा कुठे मूळ कथा पुन्हा उजेडात आली. लोभाचा धोका दाखवण्यासाठी जन्मलेला खेळ कितीतरी वर्षे श्रीमंत होण्याचा खेळ म्हणून विकला गेला.

पहिल्या उदाहरणात खोके सजले आणि आतला अर्थ गेला. दुसऱ्यात आत एक होते आणि खोके वेगळेच सांगत राहिले. दोन्ही वेळा केवळ खोके पाहणारा माणूस फसला. त्याची बुद्धी कमी होती म्हणून तो फसला नाही. त्याने उघडून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत, एवढेच.

माणसांची खोकी

आता हीच नजर माणसांकडे वळते तेव्हा काय होते ते पाहू.

घरी नवी सून येते. तिचे शिक्षण, माहेर, बोलण्याची ढब यावरून पहिल्या आठवड्यातच तिच्याबद्दल मत तयार होते. मग पुढची दहा वर्षे ती जे करते ते सगळे त्या मताच्या चौकटीत बसवले जाते. ती गप्प बसली तर गर्विष्ठ, बोलली तर उद्धट. तसेच सुनेकडूनही होते. सासूच्या कपाळावरच्या आठ्या पाहून ती ठरवते की या घरात माया मिळणार नाही. दोघी एकाच छपराखाली राहतात, पण एकमेकींचा पट कधी उलगडतच नाहीत.

कार्यालयात नवा माणूस येतो. त्याचे इंग्रजी अडखळते. बैठकीत त्याला कोणी विचारत नाही. वर्षभराने कळते की ज्या कामात सगळे अडले होते, त्याची वाट त्याला पहिल्या दिवसापासून दिसत होती. आणि अतिशय गोड बोलणारा, नीटनेटका माणूस आपण निःशंकपणे जवळ करतो, तो वेळेला पाठ फिरवतो. तेव्हा आपण म्हणतो, "त्यानं फसवलं." थोडे शांतपणे पाहिले तर लक्षात येईल की आपण त्याच्याविषयी काही जाणूनच घेतले नव्हते.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत याचे सर्वांत जळजळीत उदाहरण म्हणजे संत चोखोबा. बाहेरून वाकडा दिसणारा ऊस आत गोड असतो, हा दृष्टांत त्यांनी दिला. तो त्यांनी पुस्तकात वाचून दिला नव्हता. ज्यांना जन्मामुळे पंढरीच्या मंदिरात पाऊल ठेवू दिले गेले नाही, त्यांनी तो दिला. समाजाने त्यांच्यावर एक चिठ्ठी चिकटवली होती आणि आत काय आहे ते पाहायला नकार दिला होता. आज पंढरपूरला महाद्वाराशी त्यांची समाधी आहे आणि वारकरी आधी तेथे माथा टेकवतो. पण साधकहो, जिवंत चोखोबांना जे मिळायला हवे होते, ते समाधीला फुले वाहून परत देता येत नाही. म्हणूनच माणसाबद्दलचा चुकीचा निर्णय ही किरकोळ चूक नाही. आपले मत कधीतरी सुधारते, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे दिवस निघून गेलेले असतात.

मग पारख करायचीच नाही का?

येथे कोणी रास्त शंका विचारील. "सगळेच चांगले असे समजून चाललो तर ठेच लागेल. परमेश्वराने बुद्धी कशाला दिली?"

शंका योग्य आहे. पूर्वग्रह सोडणे म्हणजे विवेक सोडणे नव्हे. खेळाच्या खोक्यावर दोन प्रकारच्या गोष्टी छापलेल्या असतात. एक माहिती: किती जणांनी खेळायचा, कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे, साधारण किती वेळ लागेल, लहान तुकडे असल्याने तान्ह्या मुलांपासून दूर ठेवा. दुसरी सजावट: चित्रे, रंग, मोठी मोठी विशेषणे. शहाणा माणूस माहिती वाचतो आणि तिचा मान राखतो. सजावट पाहतो, पण तिच्यावरून निर्णय करत नाही. आपण बहुतेक वेळा नेमके उलटे करतो. विशेषणांना भुलतो आणि सूचना न वाचताच खोके फेकून देतो.

माणसांच्या बाबतीतही असेच आहे. कोणी वारंवार शब्द मोडत असेल, दुर्बळाला त्रास देत असेल, तर ती माहिती आहे. तिची नोंद घ्यावी, योग्य अंतर ठेवावे. त्यात पाप नाही. पण त्याचा सदरा, त्याची भाषा, त्याचे आडनाव, त्याच्या हातातला फोन ही सगळी सजावट आहे. आचरण पाहून बनलेले मत म्हणजे पारख. दर्शन होण्याआधीच बनलेले मत म्हणजे पूर्वग्रह. या दोहोंतला फरक मनात पक्का करून घ्या, म्हणजे भोळेपणाही येणार नाही आणि कठोरपणाही येणार नाही.

आणखी एक. पहिले मत मनात उठणे आपल्या हातात नाही. ते उठणारच. खोके नजरेला पडले की मन काहीतरी म्हणणारच. पण त्या मतावर शिक्का मारायचा की त्याला जरा थांबवायचे, हे मात्र आपल्या हातात आहे. साधकाची परीक्षा तेथे आहे.

साधनेचेही खोके असते

जी चूक आपण माणसांबाबत करतो, तीच साधनेबाबतही करतो.

कोणी सांगतो, "ध्यान माझ्यासाठी नाही, माझं मन फार चंचल आहे." विचारावे, किती दिवस बसलात? उत्तर येते, "एकदा बसलो होतो." कोणी नामस्मरणाला म्हातारपणाचा उद्योग समजतो, कारण त्याने आजीच्या हातातच माळ पाहिलेली असते. याउलट कोणी एखाद्या शिबिराचे सुंदर पत्रक पाहून येतो. हिरवी झाडी, शांत चेहरे, उगवता सूर्य. तिसऱ्या दिवशी पाय दुखतात, मन भटकते, जुने राग वर येतात. मग तो म्हणतो, "येथे शांती नाही." शांतीचे चित्र त्याने पत्रकावर पाहिले होते. तिच्यापर्यंत जायचा रस्ता पायदुखीतून जातो, हे पत्रकावर छापता येत नाही.

आपल्या परंपरेने यासाठी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: श्रवण, मनन आणि निदिध्यासन. पटाच्या भाषेत सांगायचे तर श्रवण म्हणजे खेळाविषयी ऐकणे आणि नियम वाचणे. मनन म्हणजे त्या नियमांचा अर्थ काय, ते तसेच का आहेत, याचा विचार करणे. निदिध्यासन म्हणजे पटावर बसून रोज डाव खेळणे, साप चावला तरी न उठणे. आपल्यापैकी कितीतरी जण श्रवणापाशीच निर्णय देऊन मोकळे होतात. ऐकले, आवडले, म्हणून साधक झालो. ऐकले, नाही आवडले, म्हणून मार्गच खोटा. दोन्ही निर्णय खोक्यावरून केलेले.

काकांच्या पटावर आणखी एक गोष्ट होती, ती सांगायची राहिली. ५४ वे घर भक्तीचे होते. तेथून एक लांब शिडी थेट वैकुंठात जात होती. आणि तिला अगदी चिकटून, ५५ वे घर अहंकाराचे होते. तेथील साप सोंगटीला पार खालच्या ओळीत नेऊन सोडत होता. दोन घरांमध्ये एका कवडीचे अंतर! दुरून पाहणाऱ्याला ती दोन्ही घरे सारखीच दिसतात. तेच कापड, तोच दोरा. खेळणाऱ्यालाच कळते की एकाने वर नेले आणि दुसऱ्याने खाली टाकले. 'मी साधना करतो' आणि 'मी साधना करतो म्हणून तुझ्यापेक्षा वरचा' या दोन वाक्यांतही तेवढेच अंतर आहे. मी सोनेरी खोके घेऊन केंद्रावर शिरलो, पालकांनी कौतुक केले आणि मला ते आवडले, तेव्हा माझी सोंगटी कोणत्या घरात होती? आपणच ठरवा.

आणि आपले स्वतःचे खोके?

शेवटी नजर थोडी आत वळवू या. आपणही स्वतःवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. 'मी रागीट आहे', 'माझं पाठांतर होत नाही', 'मला चार लोकांत बोलता येत नाही', 'आता या वयात काय बदलणार'. यांतल्या अनेक चिठ्ठ्या दुसऱ्यांनी लावलेल्या असतात. शाळेत, घरी, कधीतरी रागाच्या भरात कोणी एक वाक्य बोलून गेलेले असते. आपण ते जन्मभर वाचत राहतो आणि आतला पट बंदच ठेवतो.

काहीजणांच्या चिठ्ठ्या सोनेरी असतात. 'मी सेवाभावी', 'मी नियमित', 'मी जुना साधक'. त्या तर अधिक चिकट! त्या काढायला आपण कोणाला हात लावू देत नाही. पण परमेश्वर खोके वाचत नाही. तो आपल्या चाली पाहतो. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपण कोणाशी कसे बोललो, कोणाला थांबून विचारले, कोणाला 'बघू हं' म्हणून टाळले, हाच आपला डाव आहे.

या आठवड्याचा संकल्प

ऐकलेले विचार ऐकूनच सोडून दिले तर तेही खोक्यावरचे चित्र होऊन राहतील. म्हणून या आठवड्यासाठी तीन छोट्या गोष्टी करू या.

पहिली: रोज रात्री दोन मिनिटे शांत बसून आठवा की आज मी कोणाविषयी न विचारता, न ऐकता मत बनवले. केवळ आठवा. स्वतःला दूषणे देऊ नका, सबबीही देऊ नका. नजर स्वच्छ होण्याची सुरुवात पाहण्यापासूनच होते.

दुसरी: ज्या एका माणसाला आपण नेहमी पाहतो पण कधी ऐकले नाही, अशा माणसाजवळ या आठवड्यात दहा मिनिटे बसा. ते आपल्या घरातही असू शकतील. सोसायटीच्या फाटकावर, सत्संगाच्या दाराशी, कार्यालयाच्या शेवटच्या टेबलावर असू शकतील. त्यांना सल्ला देऊ नका, उपकाराची भावनाही नको. नाव विचारा आणि ऐका.

तिसरी: जी साधना आपण 'मला जमणार नाही' म्हणून बाजूला ठेवली आहे, ती सात दिवस, रोज एकाच वेळी, थोडी थोडी करून पाहा. सात दिवसांनी मत द्या. तोपर्यंत मत राखून ठेवा.

आणि घरात मुले असतील तर एका रविवारी पुठ्ठा, पट्टी आणि रंग घेऊन त्यांच्याबरोबर एक पट तयार करा. सापांना आणि शिड्यांना नावे मुलांनाच देऊ द्या. कोणत्या सापाचे नाव ते काय ठेवतात, ते नीट ऐका. त्यांच्या मनातले जे कधी बोलले गेले नाही, ते कदाचित तेथे बाहेर येईल. खोके नसले तरी चालेल. आमच्या केंद्रावरचा पट अजून एका जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला असतो, आणि मुले आली की सर्वांत आधी तोच मागतात.

परमेश्वर आपल्या सर्वांना उघडून पाहण्याचा धीर देवो, आणि ज्यांना आपण अजून उघडून पाहिले नाही त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचवो, हीच प्रार्थना.